लेनाचं पाणी कुठे गेलं ते वाऱ्यावरून कळतं

प्रश्न थोडक्यात असा: सायबेरियातल्या लेना नदीतून दोन लागोपाठच्या वर्षांत जवळपास सारखंच पाणी आलं, तरी उन्हाळा सरताना पूर्व सायबेरियन समुद्रात घेतलेल्या नमुन्यांत विरघळलेला सेंद्रिय कार्बन एका वर्षी भरपूर आणि दुसऱ्या वर्षी बराच कमी निघाला. नमुने चुकले, की कार्बन खरंच दुसरीकडे गेला? हवेच्या दाबाशी याचा संबंध जोडतात, त्यात तथ्य किती? आणि अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालाही हेच लागू पडतं का?

नमुने बहुधा बरोबर आहेत. कार्बन किती येणार हे नदी ठरवते. तो कुठे जाणार आणि किनाऱ्याजवळ किती काळ रेंगाळणार हे वारा ठरवतो. या समुद्रांत पुढचं सगळं याच दोन गोष्टींवर अवलंबून असतं. तोच कार्बन जिवाणूंनी खाऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत जाऊ शकतो, गाळात गाडला जाऊ शकतो किंवा हजारो किलोमीटर वाहत अटलांटिकला मिळू शकतो.

आधी आवाका लक्षात घ्या. आर्क्टिक महासागरात जगातल्या सागरी पाण्याचा जेमतेम १ टक्का भाग आहे, पण नद्यांमधून समुद्रांना मिळणाऱ्या गोड्या पाण्यातलं १० टक्क्यांहून अधिक त्याच्याकडे येतं. येनिसेई, लेना, ओब, मॅकेन्झी, युकॉन, कोलिमा या मोठ्या नद्या आणि असंख्य लहान नद्या मिळून दरवर्षी साधारण अडीच ते साडेतीन कोटी टन विरघळलेला सेंद्रिय कार्बन समुद्राकडे नेतात. कणांच्या रूपातला आणखी सुमारे ६० लाख टन. याशिवाय पर्माफ्रॉस्टचे, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीचे, किनारे झिजून पडतात ते वेगळंच. आणि हे सगळं ज्या समुद्रांत येऊन पडतं ते कमालीचे उथळ आहेत. आर्क्टिक महासागराचा जवळपास निम्मा भाग भूखंडमंचाचा, म्हणजे खंडाला लागून पाण्याखाली असलेल्या उथळ सपाटीचा आहे, आणि लापतेव्ह व पूर्व सायबेरियन समुद्रांत किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत गेलं तरी खोली ५० मीटरच्या आतच राहते. एवढ्या पातळ थराला हलवायला वाऱ्याला फार जोर लागत नाही.

आता मूळ यंत्रणा. ध्रुवीय संशोधक फ्रिट्यॉफ नानसेनचं ‘फ्राम’ जहाज १८९३ ते १८९६ या काळात बर्फात अडकून वाहत गेलं, तेव्हा बर्फ वाऱ्याच्या नेमक्या दिशेने न सरकता २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो असं नानसेनला दिसलं. समुद्रशास्त्रज्ञ वाग्न एकमान यांनी त्यावरून गणित मांडलं. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं पाणी उजवीकडे वळतं, आणि वरच्या थराची एकूण वाहतूक वाऱ्याला काटकोनात होते. आर्क्टिकच्या किनारी समुद्रांमधला सेंद्रिय कार्बन समजून घेताना मी आजही पहिल्यांदा याच गोष्टीकडे जातो.

लेना लापतेव्ह समुद्राला मिळते, आणि त्याच्या पूर्वेला पूर्व सायबेरियन समुद्र आहे. लापतेव्ह समुद्राचा किनारा दक्षिणेला आहे आणि उघडा महासागर उत्तरेला. समजा उन्हाळ्यात समुद्राच्या उत्तरेला कमी दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं, म्हणजे आवर्ताची स्थिती आहे. कमी दाबाभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, त्यामुळे किनाऱ्यालगत ते पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यांच्या उजवीकडे म्हणजे दक्षिणेकडे, अर्थात किनाऱ्याकडेच, पाणी रेटलं जातं. तिथे ते साचतं, पातळी वाढते आणि हा फुगवटा किनारा उजव्या हाताला ठेवून पूर्वेकडे निघतो. लेनाचं तपकिरी पाणी मग दिमित्री लापतेव्ह आणि सान्निकोव्ह सामुद्रधुन्यांमधून थेट पूर्व सायबेरियन समुद्रात शिरतं. तुमच्या ‘भरपूर’ वर्षाचं स्पष्टीकरण मी इथे शोधेन.

उलट, उत्तरेला जास्त दाब असेल तर प्रत्यावर्ताची स्थिती येते. वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, वरचा थर उजवीकडे म्हणजे उत्तरेकडे, खोल महासागराकडे सरकतो. नदीचं पाणी मंचाची कड ओलांडून युरेशियन खोऱ्याच्या दिशेने पसरतं आणि पूर्व सायबेरियन समुद्राच्या वाट्याला फार कमी येतं. नदी तीच, पाणी तेवढंच, पण तुमच्या बाटलीत ते पोचत नाही.

हे चित्र बरोबर असलं तरी किनाऱ्याच्या अगदी जवळ ते थोडं बदलतं, आणि तिथे बरेच जण फसतात. एकमानचं गणित पुरेशा खोल पाण्यासाठी आहे. तळ १०-१५ मीटरवर असेल आणि पाणी वरपासून खालपर्यंत घुसळलेलं असेल, तर तळाचं घर्षण आड येतं आणि पाणी बरंचसं वाऱ्याच्याच दिशेने जातं. पण लेनाच्या मुखासमोर बहुतेक वेळा घुसळण नसते. वर काही मीटरचा गोडा, हलका थर आणि खाली खारं, थंड, जड पाणी अशी ठसठशीत रचना असते. मग वाऱ्याचा सगळा जोर त्या पातळ वरच्या थरातच अडकतो, खाली झिरपत नाही, आणि तो थर चटकन सरकतो. नदीचा विरघळलेला कार्बन नेमका याच थरात असतो. म्हणून वाऱ्याची दिशा पालटल्यावर नदीच्या पाण्याचा पसारा आठवड्याभरात ओळखू येणार नाही इतका बदलू शकतो.

वेळेचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. लेनाला मे अखेर ते जून या काळात वितळत्या बर्फाचा महापूर येतो. ऐन पुरात तिचा प्रवाह सेकंदाला १ लाख घनमीटरच्या वर जातो, तर हिवाळ्याच्या अखेरीस तो काही हजारांवर असतो. पुराचं पाणी वरच्या मातीतून, पालापाचोळ्यातून, पीटमधून (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातून) झिरपत आलेलं असल्याने त्यात सेंद्रिय कार्बनही सर्वाधिक असतो, लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर. अटलांटिककडून आलेल्या पाण्यात तो १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी असतो. म्हणजे वर्षभराच्या कार्बनचा मोठा भाग काही आठवड्यांत येतो. पण त्या वेळी समुद्रावर किनाऱ्याला जखडलेला बर्फ अजून शाबूत असतो. पुराचं पाणी काही बर्फावरून आणि बरंचसं बर्फाखालून पसरतं, आणि वरून कितीही वारा सुटला तरी या झाकणाखालच्या पाण्याला तो फारसा जाणवत नाही. बर्फ फुटून दूर गेल्यावर, म्हणजे साधारण जुलैपासून, वाऱ्याची सत्ता सुरू होते आणि ऑक्टोबरात समुद्र पुन्हा गोठेपर्यंत चालते. पुरातला कार्बन कुठल्या वाटेला लागणार याचा निर्णय या मधल्या अडीच-तीन महिन्यांत होतो. बर्फ लवकर फुटला तर वाऱ्याला जास्त दिवस मिळतात. त्यामुळे तुमच्या दोन वर्षांची तुलना करताना फक्त वारा पाहू नका, किनाऱ्याचा बर्फ कधी सुटला हेही पाहा.

रेंगाळण्याने काय होतं? या पूर्वेकडच्या मंचांवर नदीचं पाणी साधारण तीन-चार वर्षं राहतं असा अंदाज आहे. तेवढ्या वेळात जमिनीवरून आलेल्या विरघळलेल्या कार्बनचा मोठा हिस्सा जिवाणू आणि सूर्यप्रकाश मिळून मोडून टाकतात. नद्यांचा हा कार्बन फार टिकाऊ आहे आणि समुद्रातून तो जसाच्या तसा निघून जातो, अशी समजूत बराच काळ होती. ती आता मागे पडली आहे, विशेषतः पुराच्या वेळच्या कार्बनबाबत. पूर्व सायबेरियन समुद्राच्या किनारी पट्ट्यात पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जास्त दाबाने भरलेला असतो, पाणी वाजवीपेक्षा जास्त आम्ल असतं, आणि त्यामागे जमिनीवरून आलेला सेंद्रिय पदार्थ कुजणं हे मोठं कारण आहे. आवर्ताच्या उन्हाळ्यांची मालिका लागली की हा पट्टा पोसला जातो. प्रत्यावर्ताच्या उन्हाळ्यात तोच कार्बन खोल खोऱ्याच्या वरच्या थरात जातो, ट्रान्सपोलर ड्रिफ्ट या ध्रुव ओलांडणाऱ्या प्रवाहाला लागतो आणि उरलेला भाग फ्राम सामुद्रधुनीतून ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याने खाली उतरतो. या प्रवाहाच्या पट्ट्यातलं पाणी आजूबाजूच्या पाण्यापेक्षा सेंद्रिय कार्बनने ठळकपणे समृद्ध असतं, अगदी ध्रुवाजवळही.

ही वाट जुनीच आहे. ‘जेनेट’ जहाज १८८१ साली न्यू सायबेरियन बेटांच्या उत्तरेला बर्फात चिरडलं गेलं आणि त्याचे अवशेष १८८४ मध्ये ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडले. नानसेनला ‘फ्राम’ची कल्पना त्यावरूनच सुचली. सायबेरियाच्या जंगलांतली लार्चची खोडं स्वालबार्ड आणि ग्रीनलंडच्या किनाऱ्यांवर लागतात तीही याच वाटेने. तो तर डोळ्यांना दिसणारा सेंद्रिय कार्बनच आहे. हजारो वर्षांपूर्वी वाहत आलेल्या लाकडांचं वय आणि जात तपासून त्या काळी हा प्रवाह कोणत्या बाजूला झुकला होता याचा अंदाज बांधतात. सायबेरियन लार्च जास्त की उत्तर अमेरिकेचा स्प्रूस जास्त, यावरून हवेच्या अभिसरणाचा जुना कल कळतो.

आतापर्यंत बोललो ते विरघळलेल्या कार्बनबद्दल. कणरूप कार्बनचं गणित वेगळं आहे, आणि काही वेळा अगदी उलटं. वारा वरचं पाणी किनाऱ्याकडे रेटतो तेव्हा किनाऱ्याशी साचलेल्या पाण्याला परतायला जागा तळाशीच असते. म्हणजे वर पाणी किनाऱ्याकडे, तळाशी समुद्राकडे. याच पश्चिमी वाऱ्यांच्या वादळात उथळ तळ ढवळून निघतो, तळालगत गढूळ थर तयार होतो आणि हा परतीचा प्रवाह त्याला समुद्राकडे नेतो. पूर्वेच्या वाऱ्यात याच्या उलट: वरचा कार्बन बाहेर, तळाचं पाणी किनाऱ्याकडे. तेव्हा एकाच आठवड्यात विरघळलेला कार्बन एका दिशेला आणि गाळातला दुसऱ्या दिशेला जाऊ शकतो. ‘सेंद्रिय कार्बन’ असा एकच आकडा काढून त्याचा वाऱ्याशी संबंध जोडलात तर ही दोन्ही चित्रं एकमेकांना पुसून टाकतील.

दोघांच्या वेगातही जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाणी काही वर्षांत मंच ओलांडतं. गाळ एका वादळात उचलला जातो, थोडा सरकतो, बसतो, पुढच्या वादळाची वाट पाहतो. लापतेव्ह समुद्रात किनाऱ्यापासून मंचाच्या कडेपर्यंतच्या सुमारे ६०० किलोमीटरच्या प्रवासाला जमिनीवरून आलेल्या गाळातल्या कार्बनला सरासरी ३,६०० वर्षांच्या आसपास लागतात, असं रेडिओकार्बनवरून काढलेलं आहे. या काळात तो पुन्हा पुन्हा ऑक्सिजनच्या संपर्कात येतो आणि त्यातला बराचसा वाटेतच संपतो.

पश्चिमी वाऱ्यांचा दुसरा परिणाम किनाऱ्यावर होतो. लापतेव्ह आणि पूर्व सायबेरियन समुद्रांचे किनारे सपाट आहेत. वाऱ्याने रेटलेलं पाणी पातळी दोन मीटरपर्यंत, कधी त्याहून वर नेतं. मागे उभे असतात येडोमाचे कडे: हिमयुगात साचलेली, आकारमानाने ८० टक्क्यांपर्यंत बर्फ असलेली माती. लाटा पायथ्याला पोचल्या की तिथला बर्फ वितळतो, खाच पडते आणि वरचा कडा अख्खा कोसळतो. आर्क्टिकचे किनारे सरासरीने वर्षाला अर्धा मीटर मागे हटतात, पण अशा बर्फाळ कड्यांच्या ठिकाणी तो वेग कित्येक मीटर असतो. हजारो वर्षं गोठून राहिलेला हा कार्बन पाण्यात पडल्यावर झपाट्याने कुजतो. पूर्व सायबेरियाच्या मंचावर येडोमा किनाऱ्यांतून आणि समुद्रतळातून दरवर्षी सुमारे ४.४ कोटी टन जुना कार्बन मोकळा होतो आणि त्यातला दोन तृतीयांश हवेत जातो, असा अंदाज २०१२ साली प्रसिद्ध झाला. अचूकतेबद्दल वाद घालता येईल, पण नद्यांच्या कार्बनइतकाच हा स्रोत मोठा आहे हे मान्य करावं लागतं. या झिजेत एकूण सरासरी वाऱ्यापेक्षा मोजकी वादळं जास्त काम करतात, आणि बर्फ दूर असेल तरच. वाऱ्याला मोकळ्या पाण्याचा जेवढा लांब पट्टा मिळतो तेवढ्या लाटा मोठ्या होतात. सप्टेंबरमधला सागरी बर्फ उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्यापासून दर दशकाला १२-१३ टक्क्यांनी घटतो आहे. २०१२ मध्ये तो ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत खाली आला. तेच वादळ चाळीस वर्षांपूर्वी बर्फावरून निघून गेलं असतं. आज ते किनारा खातं.

बर्फ स्वतःही वाहतूक करतो. शरद ऋतूत जमिनीकडून समुद्राकडे सुटणारा गोठवणारा वारा नवा बर्फ दूर ढकलत राहतो, मागे मोकळं पाणी उरतं, तिथे पुन्हा बर्फाचे बारीक स्फटिक बनतात. उथळ, ढवळलेल्या पाण्यात हे स्फटिक गाळाचे कण पकडतात आणि तपकिरी बर्फ तयार होतो, सेंद्रिय कार्बनसकट. पुढे वारा त्याला ट्रान्सपोलर ड्रिफ्टमध्ये नेतो. ही वाट आता आटते आहे. रशियाच्या उथळ समुद्रांत बनलेला बर्फ पूर्वी साधारण निम्मा मध्य आर्क्टिकपर्यंत पोचायचा, हल्ली सुमारे २० टक्केच पोचतो. बाकीचा उगमाजवळच वितळतो आणि त्यातला गाळ तिथेच पडतो. माझ्या मते कार्बनच्या ताळेबंदात या बदलाकडे जेवढं लक्ष जायला हवं तेवढं अजून गेलेलं नाही.

आता दाबाच्या निर्देशांकांबद्दल. प्रोशुटिन्स्की आणि जॉन्सन या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं की आर्क्टिकमधलं वाऱ्यामुळे होणारं अभिसरण आवर्त आणि प्रत्यावर्त अशा दोन स्थितींत आलटून पालटून जातं, एकेक स्थिती ५ ते ७ वर्षं टिकते. पुढच्या काळात हा ताल बिघडला आणि प्रत्यावर्ताची स्थिती फार लांबली. २००५ ते २००८ या काळात आर्क्टिक ऑसिलेशनच्या (आर्क्टिक आणि त्याच्या दक्षिणेकडच्या भागांमधल्या हवेच्या दाबाच्या चढउताराच्या) बदलामुळे रशियन नद्यांचं पाणी पूर्वेकडे वळून कॅनडाच्या बाजूच्या खोऱ्यात गेल्याचंही दिसलं. अलास्का आणि कॅनडाच्या उत्तरेच्या ब्यूफोर्ट समुद्रातही हेच भौतिकशास्त्र चालतं: पूर्वेचे वारे मॅकेन्झीचं पाणी उत्तरेला बाहेर काढतात, पश्चिमेचे वारे ते किनाऱ्याशी दाबून कॅनडाच्या द्वीपसमूहाकडे धाडतात.

तरीही तुमच्या दोन वर्षांचा फरक आर्क्टिक ऑसिलेशनच्या वार्षिक आकड्याने समजावू नका. तो निर्देशांक मुख्यतः हिवाळ्यात बोलतो. सायबेरियात हिमवर्षाव किती होणार, म्हणजे पुढच्या पुरात पाणी किती असणार, यासाठी तो उपयोगी आहे. युरेशियातल्या सहा मोठ्या नद्यांचा प्रवाह १९३६ ते १९९९ दरम्यान ७ टक्क्यांनी वाढला, त्यामागेही हवेतून येणारा ओलावा आहे. पण ऑगस्टमध्ये लेनाच्या मुखासमोर वारा कुठून होता हे त्या आकड्यातून कळत नाही.

अंटार्क्टिकाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथलं चित्र वेगळं आहे. तिथे मोठ्या नद्या नाहीत, पीट नाही, येडोमा नाही. किनारी समुद्रातला सेंद्रिय कार्बन जवळपास सगळा तिथल्याच सूक्ष्म वनस्पतींनी बनवलेला. पण हवेचा हात तिथेही तितकाच मोठा आहे. हिमचादरीवरून घसरत येणारे कॅटाबॅटिक वारे बर्फ समुद्राकडे लोटून टेरा नोव्हा उपसागरासारख्या जागी पाणी मोकळं ठेवतात. हिवाळ्यात तिथे सतत बर्फ बनतो, मागे उरलेल्या मिठाने पाणी जड होतं, मंचाच्या कडेवरून घसरतं आणि सोबत कार्बन खोल नेतं. वसंतात याच मोकळ्या जागांत प्रकाश लवकर पोचतो आणि मोठा बहर येतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे (कोरिऑलिस परिणामामुळे) पाणी तिथे डावीकडे वळतं, त्यामुळे वर सांगितलेल्या दिशा तशाच्या तशा तिथे लावू नका.

शेवटी तुमच्या आकड्यांचं काय करायचं ते. पहिलं, कार्बन विरुद्ध क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण) असा आलेख दोन्ही वर्षांसाठी काढा. दोन्ही वर्षांचे बिंदू एकाच रेषेवर पण वेगवेगळ्या टोकांना पडले, तर कार्बन नष्ट झालेला नाही, तुमच्या जागी नदीचं पाणीच कमी पोचलं. बिंदू रेषेच्या खाली पडले तर मोडतोड झाली असेल, पण घाई करू नका: वितळलेल्या सागरी बर्फाचं पाणीही गोडं असतं आणि त्यात कार्बन फार कमी असतो, त्यामुळे बिंदू तसेच खाली येतात. नदीचं पाणी आणि बर्फाचं पाणी ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचा जड समस्थानिक) याच्या प्रमाणावरून वेगळं करता येतं, ते केल्याशिवाय मोडतोडीचा दर काढू नका. कणरूप नमुन्यांत कार्बन-१३ (कार्बनचा जड समस्थानिक) याचं प्रमाण पाहा: जमिनीवरचा पदार्थ उणे २७ प्रति हजारच्या आसपास, समुद्रातला साधारण उणे २१-२२. दुसरं, किनाऱ्याला समांतर वाऱ्याचा ताण बर्फ फुटल्याच्या दिवसापासून नमुना घेतल्याच्या दिवसापर्यंत रोज बेरीज करत जा; ईआरए-५ या हवामानाच्या जागतिक विदासंचातले १० मीटर उंचीवरचे वारे यासाठी पुरेसे आहेत. समुद्रपातळीवरच्या दाबाचे पाच-पाच दिवसांचे नकाशे शेजारी ठेवा. उपग्रहाच्या रंगचित्रांचा आधार घेतलात तर क्लोरोफिलच्या आकड्यांवर विसंबू नका, नदीचा तपकिरी रंग त्यात हिरवा म्हणून मोजला जातो.

आणि ऑक्सिजन-१८ त्या वेळी मोजला नसेल, तर क्षारतेसाठी ठेवलेल्या बाटल्यांत पाणी उरलं आहे का ते आधी तपासा. झाकण घट्ट असेल आणि बाष्पीभवन झालं नसेल, तर तो काही वर्षांनंतरही मोजता येतो.